लेजरमधली लाल शाई

संगणकातल्या नोंदीत ती नापास होती. तिच्या गुणपत्रकावर मात्र द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण असं छापलेलं होतं, आणि ते गुणपत्रक आमच्याच विद्यापीठाचं होतं. ती शाळेत शिक्षिका होती आणि संस्थेनं तिची कागदपत्रं पडताळणीसाठी आमच्याकडे पाठवली होती. टेबलावरच्या मुलानं आसन क्रमांक टाकला, पडद्यावर जे आलं ते पाहिलं आणि उत्तराचा मसुदा करून माझ्याकडे सहीला पाठवला: 'सदर गुणपत्रक विद्यापीठाच्या अभिलेखाशी जुळत नाही.' मी तेव्हा परीक्षा विभागात नुकतीच कक्ष अधिकारी झाले होते. या एका वाक्यानं माणसाची नोकरी जाते, गुन्हाही दाखल होऊ शकतो, हे मला ठाऊक होतं. म्हणून सही न करता मी रेकॉर्ड रूमच्या मामांना मूळ लेजर काढायला सांगितलं.

"मॅडम, ते सगळं आता कॉम्प्युटरवर आहे ना?" मामा म्हणाले.

"असू दे मामा. तरी काढा."

अर्ध्या तासानं ते दोन्ही हातांत धरून लेजर घेऊन आले. उन्हाळी १९९४ ची परीक्षा. पान उघडलं, ओळीवर पट्टी ठेवली. अर्थशास्त्राच्या रकान्यात काळ्या शाईत २८ लिहिलेले होते. त्यावर लाल शाईची आडवी रेघ, वर ४१, बाजूला तारीख, टिपणीचा क्रमांक आणि दोन आद्याक्षरं. शेवटच्या रकान्यातला शेराही लाल शाईनं बदललेला. पुनर्मूल्यांकनात तिचे गुण वाढले होते, तशी रीतसर नोंद झाली होती, आणि सुधारित गुणपत्रक तिला दिलं गेलं होतं. आमच्या जुन्या नोंदी संगणकात भरणाऱ्या एजन्सीच्या मुलांनी फक्त काळी शाई टंकली होती. लाल शाई म्हणजे खाडाखोड, ती भरायची नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. किंवा कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मी मसुदा फाडला नाही. फाईलला तसाच लावला आणि त्यावर लिहिलं की मूळ लेजर पाहिल्याशिवाय अशा मजकुराचं एकही पत्र यापुढे जाणार नाही. माझ्या दृष्टीनं आमच्या विद्यापीठाचं खरं संगणकीकरण त्या शेऱ्यापासून सुरू झालं, म्हणजे यंत्रं विकत घेऊन झाल्यावर सहा वर्षांनी.

परीक्षा विभागात काम न केलेल्यांसाठी थोडं सांगते. लेजर म्हणजे निकालाचं मोठं रजिस्टर. एका ओळीत एक विद्यार्थी: आसन क्रमांक, नाव, महाविद्यालयाचा संकेतांक, विषयवार गुण, एकूण, शेरा. प्रत्येक पानाखाली तक्ते करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही. गुणपत्रक हरवतं, जळतं, पुरात वाहून जातं. लेजर राहतं. चाळीस वर्षांनी कुणी दुय्यम प्रत मागितली तरी ती लेजरवरूनच द्यायची असते. महाविद्यालयं बंद पडतात, संस्था बदलतात, पण पदवी विद्यापीठाची असते, त्यामुळे पुरावा सांभाळायची जबाबदारीही विद्यापीठाचीच.

पहिल्या प्रयत्नात आम्ही या लेजरकडे 'जुना डेटा' म्हणून पाहिलं. निविदेत तेवढंच लिहिलं होतं, इतक्या लाख नोंदी, प्रत्येक नोंदीमागे अमुक दर. ज्याला नोंदीमागे पैसे मिळतात तो भरभर टंकणार, एका शेऱ्यासाठी थांबून टिपणीची फाईल मागणार नाही. यात त्या मुलांचा दोष मी काढत नाही. त्यांना काय वाचायचं आहे हे आम्ही शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोवर आम्हालाही ते शब्दांत मांडता येत नव्हतं.

दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी आमच्या निवृत्तीला टेकलेल्या अधीक्षकांना तीन महिने माझ्या टेबलाशेजारी बसवून घेतलं. बत्तीस वर्षं निकाल लावलेला माणूस. संचालकांनी परवानगी दिली, पण त्यांना ते फारसं पटलं नव्हतं. "सॉफ्टवेअरवाल्यांना वेळ द्यायचा सोडून तुम्ही साहेबांच्या गोष्टी ऐकत बसणार?" असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. सकाळी एक लेजर उघडायचं, एका ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, साहेब, हा शेरा असा का?

त्या तीन महिन्यांत काय काय निघालं! सवलतीच्या म्हणजे ग्रेस गुणांचंच घ्या. आमच्या अध्यादेशात लिहिलेलं होतं की एकूण गुणांच्या एक टक्क्यापर्यंत सवलत द्यावी. वाचायला सोपं आहे. पण परीक्षा ५५० गुणांची असेल तर एक टक्का साडेपाच होतात. मग पाच द्यायचे की सहा? "सहा. अपूर्णांक विद्यार्थ्याच्या बाजूनं धरायचा," साहेब म्हणाले. हे कुठं लिहिलंय? कुठंच नाही. पूर्वीच्या एका परीक्षा नियंत्रकांनी तोंडी सांगितलं होतं, तेव्हापासून तसंच. विद्यार्थी दोनच विषयांना बसला असेल तर एक टक्का त्या दोन विषयांच्या गुणांवर मोजायचा की संपूर्ण परीक्षेच्या? तीन विषयांत मिळून सात गुण कमी पडत असतील आणि सवलत सहाच असेल, तर दोन विषय तरी सोडवून द्यायचे की काहीच द्यायचं नाही? साहेबांकडे प्रत्येकाचं उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तरामागे एखादं जुनं प्रकरण होतं. पहिल्या एजन्सीच्या प्रोग्रॅमरनं यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्याच्या प्रोग्रॅमनं अपूर्णांक सरळ कापून टाकला होता. किती मुलं त्या अर्ध्या गुणानं अडली असतील, हे पुढं आम्ही शोधून काढलं. तो आकडा इथं देत नाही, पण तो शून्य नव्हता. त्या सगळ्यांचे निकाल दुरुस्त करून महाविद्यालयांमार्फत कळवले. काहींचे पत्ते सापडले नाहीत. ते मला अजूनही खुपतं.

शेऱ्यांचंही तेच. 'राखीव' या एका शब्दामागे आमच्याकडे आठ कारणं होती, त्यांतली काही अशी: पात्रता प्रमाणपत्र आलेलं नाही, शुल्क बाकी, प्रात्यक्षिकाचे गुण महाविद्यालयानं पाठवलेले नाहीत, गैरप्रकाराची चौकशी सुरू, खालच्या परीक्षेचा एखादा विषय राहिलेला. या यादीतल्या शेवटच्याला आम्ही आरएलई म्हणतो. कागदावर लिपिक शेऱ्याशेजारी बारीक अक्षरात कारण लिहायचा. संगणकात शेऱ्याचा रकाना दोन अक्षरांचा होता, 'आरआर' (रिझल्ट रिझर्व्हड, म्हणजे निकाल राखीव) एवढंच मावायचं. मुलगा खिडकीशी येऊन विचारायचा, माझा निकाल का अडलाय? आणि खिडकीवरच्या माणसाला पडद्यावर आरआर सोडून काही दिसायचं नाही. त्याला म्हणायला एकच वाक्य उरायचं: महाविद्यालयात चौकशी करा. महाविद्यालयवाले म्हणायचे, विद्यापीठात जा. हा हेलपाटा कागदाच्या काळात कमी होता. संगणकानं तो वाढवला, कारण रकाना आखताना कुणी खिडकीवर उभं राहून पाहिलं नव्हतं.

पुढं माझ्या वाचनात आलं की मँचेस्टर विद्यापीठाच्या रिचर्ड हीक्स यांनी २००३ साली विकसनशील देशांतल्या ई-शासन प्रकल्पांबद्दल एक अंदाज मांडला होता: ३५ टक्के पूर्णपणे फसलेले, ५० टक्के अंशतः फसलेले, आणि यशस्वी म्हणावेत असे १५ टक्के. कारण म्हणून ते आराखडा आणि वास्तव यांमधल्या अंतरावर बोट ठेवतात. आराखडा करणारा एका कार्यालयाची कल्पना करतो, प्रत्यक्षात कार्यालय दुसरंच असतं. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दोन अक्षरांचा तो रकाना आला. आमच्यासारख्या देशांत पैसा कमी, वीज कमी, माणसं कमी, हे सगळं खरं आहे आणि मी पुढं त्याबद्दलही सांगणार आहे. पण आमचं पहिलं काम फसलं ते यातल्या कशानंही नाही. आमचे स्वतःचे नियम आम्ही कधी पूर्ण लिहून काढले नव्हते, म्हणून फसलं. माणूस अर्धवट नियमावर काम करू शकतो, उरलेलं तो समजून घेतो. यंत्राला ते जमत नाही.

साहेबांच्या सांगण्यातून एक वही तयार झाली, एकशे चाळीस पानांची. त्यातला प्रत्येक अलिखित नियम आम्ही टिपणी करून परीक्षा व मूल्यमापन मंडळापुढे ठेवला. काही मान्य झाले, काही बदलले, दोन चक्क बेकायदा निघाले म्हणून बंद केले. याला दीड वर्ष गेलं. या दीड वर्षात 'संगणकीकरणाची प्रगती' या मथळ्याखाली दाखवायला आमच्याकडे काहीही नव्हतं. प्रत्येक आढावा बैठकीत मला हेच ऐकावं लागे. आजही कुणी नव्या विद्यापीठातून सल्ला विचारायला आलं तर मी त्यांना ती वही दाखवते, सर्व्हर रूम नाही.

आता जुन्या फायलींबद्दल. लेजरच्या पुढच्या काळातले, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरचे निकाल फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये लागले होते. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना आठवेल, डीबीएफ फाईलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नसे. त्यामुळे रकान्यांची नावं म्हणजे संकेतभाषा होती, आणि ती भाषा जाणणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. वर्ष दोन अंकी. फ्लॉपींच्या डब्यावर विषयाचं नाव होतं, वर्षाचं नव्हतं. काही फ्लॉपी वाचल्याच गेल्या नाहीत, चुंबकीय थर सुटून आला होता. त्याच वर्षांची कागदी लेजरं मात्र सुस्थितीत निघाली. छापील पानांची बांधणी करून ठेवायचा आग्रह ज्या कुणी तेव्हा धरला, त्याचे उपकार आहेत.

आणि मराठी नावं! जुनी मराठी माहिती त्या काळच्या फॉन्टांमध्ये होती. त्या फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट बदलला की नावाचं कडबोळं. हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायचं होतं. रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळाले, पण प्रत्येक फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी, त्यामुळे जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार हमखास बिघडायचे. युनिकोडमध्ये आल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. शोधात मात्र दोन वेगळी माणसं. 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक 'अ'वर चंद्र काढून काम भागवत. एकाच महाविद्यालयाच्या यादीत दोन्ही पद्धती सापडल्या. शेवटी आमच्या मुलांनी साठवण्याआधी सगळं एका रूपात आणणारी चाळणी लिहिली. पंचवीस-तीस ओळींचा प्रोग्रॅम असेल. पण त्यामुळे 'नोंद आढळत नाही' म्हणून परत गेलेले कितीतरी अर्ज निकाली निघाले.

एक्सेलबद्दल मला कळकळीनं सांगायचंय, कारण हा धोका अजून जागोजागी आहे. आमचा पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, सोळा अंकी आहे. एक्सेल संख्येचे पंधराच अंक नेमके ठेवतं. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. कुठलीही सूचना येत नाही. एका महाविद्यालयानं अंतर्गत गुणांची यादी अशी पाठवली, आणि दहा-दहा विद्यार्थ्यांचे क्रमांक एकच झाले. ज्याच्या क्रमांकाच्या शेवटी खरंच शून्य होता त्याच्या नावावर शेवटी दहाव्या मुलाचे गुण चढले, बाकी नऊ जण गैरहजर. तीन दिवस आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच. तेव्हापासून आमचा नियम आहे की क्रमांकाचा रकाना आधी 'मजकूर' करायचा आणि मग भरायचा. शिवाय आयात करताना एकाच यादीत दोन क्रमांक सारखे आले तर सगळी यादी परत पाठवायची. आसन क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही अशीच गायब होतात. ज्या कार्यालयात लोक महत्त्वाच्या याद्या मेलनं पाठवतात तिथं हे माहीत असलंच पाहिजे.

वीज आणि इंटरनेट. भारनियमनाच्या वर्षांत आम्ही निकालाचं काम रात्री करायचो, कारण दिवसा यूपीएस दम तोडायचे. ती वर्षं सरली. राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कची एक गिगाबिटची जोडणी विद्यापीठाच्या आवारात आली तेव्हा वाटलं की हा प्रश्न संपला. संपला तो आमच्यापुरता. संलग्न महाविद्यालयं तालुक्याच्या गावी आणि त्याही पलीकडे. परीक्षेचे अर्ज ऑनलाइन केले आणि शेवटच्या तारखेच्या दुपारी सर्व्हर बसला. आम्ही क्षमता वाढवली, पुढच्या खेपेला पुन्हा बसला. मग तासवार नोंदी काढून पाहिल्या. निम्म्याहून जास्त अर्ज शेवटच्या दोन दिवसांत येत होते, कारण महाविद्यालयं विद्यार्थ्यांना बोलावतच होती शेवटच्या दोन दिवसांत. आम्ही विद्याशाखेनुसार तारखा वेगळ्या केल्या. तेवढ्यानं सर्व्हर स्थिर राहिला, एक रुपयाचा खर्च न करता.

दुसरी गोष्ट कळायला आणखी वेळ लागला. विद्यार्थ्यांना ओटीपी जात नाही अशा तक्रारी वाढल्या म्हणून मोबाईल क्रमांकांची यादी तपासली. एकच क्रमांक तीनशेपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या नावापुढे. तो नेट कॅफेवाल्याचा क्रमांक होता. मुलांकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता, किंवा घरात एकच फोन वडिलांकडे. अर्ज भरून देणारा स्वतःचाच क्रमांक आणि ईमेल टाकून मोकळा व्हायचा. म्हणजे त्या तीनशे मुलांच्या निकालाची, पुनर्मूल्यांकनाची, शुल्काची किल्ली एका अनोळखी माणसाच्या खिशात. तो माणूस प्रामाणिक होता, हे आमचं नशीब. आम्ही एका क्रमांकावर दोनपेक्षा जास्त नोंदी बंद केल्या. दोन यासाठी, की भावंडं असतात. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयातल्या खिडकीतून ओळखपत्र पाहून काम करायची सोय ठेवली. त्यावर बरीच चर्चा झाली. काहींना ही सोय म्हणजे मागं जाणं वाटत होतं. मला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. ज्या मुलीकडे फोन नाही तीसुद्धा आमची विद्यार्थिनी आहे.

पासवर्डवर मी सगळ्यात जास्त वाईटपणा घेतला. मी आले तेव्हा गुणदुरुस्तीच्या प्रोग्रॅमला एकच पासवर्ड होता आणि तो विभागातल्या सगळ्यांना माहीत होता. एका कपाटाच्या दारामागे चिकटवलेलाही होता. कागदावर गुण बदलायचा तर टिपणी, मंजुरी, लाल शाई, आद्याक्षरं. संगणकावर बदलायचा तर जुना आकडा खोडून नवा टाकायचा, जुना कुठंच उरत नाही. म्हणजे आम्ही लाल शाईच काढून टाकली होती. मी आग्रह धरला की प्रत्येकाचं स्वतंत्र लॉगिन हवं, एकानं बदल टाकायचा आणि दुसऱ्यानं मान्य करायचा, मंजूर टिपणीची स्कॅन प्रत जोडल्याशिवाय बटण चालू होणार नाही, आणि जुना आकडा कधीही पुसला जाणार नाही. सहकारी दुखावले. वीस वर्षं बरोबर काम केलेल्या एक बाई मला म्हणाल्या, "ताई, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?" मी त्यांना लेजर उघडून दाखवलं. त्यातल्या प्रत्येक लाल दुरुस्तीपुढे त्यांचीच आद्याक्षरं होती. "उद्या कुणी आरोप केला तर ही अक्षरं तुमच्या बाजूनं उभी राहतील. संगणकात तुमच्या बाजूनं उभं राहायला आज काहीच नाही," एवढंच मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी लॉगिन घेतलं.

एजन्सीचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला मला आवडत नाही. कंत्राट संपलं आणि नव्या निविदेत दुसरी एजन्सी आली. पहिल्या एजन्सीकडे आम्ही आमची माहिती मागितली. त्यांनी पीडीएफ दिल्या. पीडीएफमधून गुण परत रकान्यांत आणायचे म्हणजे पुन्हा टंकायचे. मूळ तक्ते द्या म्हटलं, तर म्हणाले, करारात तसं लिहिलेलं नाही. करार काढून पाहिला. खरंच लिहिलेलं नव्हतं. विद्यार्थी आमचे, परीक्षा आमच्या, सही आमची, आणि माहिती मिळवायला आम्हाला विनवण्या कराव्या लागल्या. चार महिने गेले. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, उशिरात उशिरा पंचेचाळीस दिवसांत निकाल लावायचा आहे. त्या हंगामात आम्हाला ते जमलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक करारात मी चार अटी स्वतः लिहिल्या. तक्त्यांची रचना आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ पहिल्या महिन्यात लेखी द्यायचा. दर आठवड्याला पूर्ण माहिती आमच्या यंत्रावर उतरवायची. दर तिमाहीला त्या प्रतीवरून आमच्याच माणसांनी संपूर्ण प्रणाली उभी करून दाखवायची. आणि कंत्राट संपताना नव्या एजन्सीबरोबर एक पूर्ण परीक्षा-हंगाम शेजारी बसून काम करायचं. यातली तिसरी अट सर्वांत मोलाची ठरली. पहिल्याच तिमाहीत कळलं की रोज रात्री होणारा बॅकअप अर्धवट होत होता, आणि तो यशस्वी झाल्याचा संदेश मात्र रोज येत होता.

राष्ट्रीय पातळीवर या काळात बरंच घडलं. २०१५ मध्ये डिजिलॉकर आलं, २०१७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक भांडार सुरू झालं, आणि पुढं पदव्या डिजिलॉकरवरूनच मिळू लागल्या. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं शैक्षणिक श्रेयांक पेढीचे, म्हणजे विद्यार्थ्यानं मिळवलेले श्रेयांक जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेचे, नियम आणले. विद्यार्थ्याला घरबसल्या पदवी मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. परगावच्या मुलांना एका सहीसाठी रात्रभर प्रवास करून येताना मी वर्षानुवर्षं पाहिलंय. पण तिथं चढवण्याआधी नाव जुळावं लागतं. आमच्याकडे आडनाव आधी, आधारवर शेवटी. आमच्याकडे आईचं नाव स्वतंत्र रकान्यात, तिथं ते नाही. कितीतरी मुलींचं लग्नानंतर आधारवरचं नाव बदललेलं, पदवीवर माहेरचं. अशा वेळी आपल्या अभिलेखातलं नाव आधारप्रमाणे बदलून टाका, एका फटक्यात सगळं जुळेल, अशी सूचना आली होती. मी आणि आमच्या पात्रता विभागानं तिला ठाम विरोध केला. पदवीवरचं नाव हे त्या दिवसाचं नाव आहे, ते मागं जाऊन बदलता येत नाही. आम्ही मूळ नावाला हात न लावता 'सध्याचं नाव' असा रकाना जोडला, त्याखाली पुराव्याचा प्रकार आणि तारीख. काम संथ झालं, पण जुळणीसाठी म्हणून एकाही मुलीचं पदवीवरचं नाव बदललं गेलं नाही.

जुन्या लेजरांचं काम या सगळ्याच्या कडेनं चालूच राहिलं. या वेळी वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर आणला, कारण सपाट स्कॅनरवर पानं दाबली की बांधणी तुटायची. रंगीत स्कॅन, काळ्या-पांढऱ्यात नाही, नाहीतर लाल शाई पुन्हा हरवली असती. जागा वाचेल म्हणून काळ्या-पांढऱ्याचा सल्ला मिळाला होता, तो मानला नाही. प्रत्येक पान दोन वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे टंकायचं, जिथं दोघांचं जुळणार नाही तिथं तिसऱ्यानं चित्र पाहून ठरवायचं. प्रत्येक नोंदीशेजारी त्या पानाचं चित्र उघडतं, त्यामुळे आता पडताळणीच्या टेबलावरच्या मुलाला मामांना हाक मारावी लागत नाही. मामा निवृत्त होण्याआधी सहा महिने त्यांनी स्कॅनरवरच्या मुलांना पान कसं उलटायचं ते शिकवलं. कोपऱ्यातून नाही, मधून, तळवा खाली घालून.

सगळं मिळालं नाही. एका विद्याशाखेची चार वर्षांची लेजरं वाळवीनं खाल्ली होती, काही पानांवर फक्त उजवीकडचे रकाने उरले होते. एकूण आणि शेरा वाचता येतो, नाव जातं. बाकीच्या कागदांवरून अंदाजानं नावं भरता आली असती. आम्ही भरली नाहीत. त्या नोंदींपुढे 'मूळ पान उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि महाविद्यालयांना कळवलं की त्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनी आपलं गुणपत्रक दाखवायला आणलं तर आम्ही त्यावरून नोंद पूर्ण करू.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ आले. सत्तरीच्या आसपासचे. वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून त्यांनी आपलं गुणपत्रक आणलं होतं. त्यांना आमच्याकडून काहीही नको होतं, नोकरी करून केव्हाच निवृत्त झाले होते. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं होतं की विद्यापीठाला त्या वर्षाचे कागद हवेत. आमच्या मुलीनं त्यांच्यासमोर गुणपत्रक स्कॅन केलं. उरलेल्या पानावरचा एकूण आकडा गुणपत्रकाशी जुळवून पाहिला, तो जुळला. पुराव्याच्या रकान्यात तिनं लिहिलं: उमेदवाराकडील मूळ प्रत. दुसऱ्या लॉगिनवरून मी ते मान्य केलं, आणि त्यांचा कागद पुन्हा तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिला.